लिवाच्या वाटेवरचे मोदक

अजूनही दुपारी जेवून जरा आडवा झालो की मला तो रस्ता दिसतो. झोप लागलेली नसते आणि जागही पुरती नसते. वर पंखा फिरत असतो, खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटर सुरू करत असतं, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे एक सरळ काळा रस्ता लांबवर गेलेला असतो. वाळू धुरासारखी सरपटत तो ओलांडते. पुढे एक पेट्रोल पंप जमिनीपासून वीतभर वर तरंगत असतो, त्याच्याखाली पाणी चमकत असतं, आणि ते पाणी नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. मग सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, चहा घेऊन येते आणि विचारते, "कुठवर पोचलात?" मी म्हणतो, "तारीफच्या पुढे." तारीफ हे त्या रस्त्यावरचं गाव; निवृत्त झाल्यापासून हा आमचा रोजचा खेळ आहे.

दुबईवर लिहा म्हटलं की लोकांना उंच इमारतींबद्दल ऐकायचं असतं. मी त्या इमारती बहुतेक वेळा गाडीच्या आरशात, मागे मागे जाताना पाहिल्या. राहायला आम्ही अल कुसैसला होतो, पण माझं काम वाळवंटात होतं. मी जनरेटर मेकॅनिक. त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आतल्या भागातल्या कित्येक शेतांवर आणि मजुरांच्या कँपांवर सरकारी वीज पोचलेली नव्हती. तिथे दिवसरात्र डिझेलचा जनरेटर चालायचा. दर अडीचशे तासांनी त्याचं ऑइल बदलायचं, फिल्टरमधली वाळू झटकायची, पट्टे ताणून बघायचे, आणि एवढ्यासाठी पिकअप घेऊन तीनशे-चारशे किलोमीटर जायचं. कंपनीने गाडी दिली होती, हत्यारं दिली होती, पेजर दिला होता. जेवायचं कुठे, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं होतं.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. पण उन्हाळ्यात तिथे गाडी बंद करून अर्धा तास उभी केली की आतल्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. घरून नेलेली पोळीभाजी दहा वाजेपर्यंत ठीक असते. बारा वाजता तिच्या मनात काय आहे ते सांगता येत नाही. त्यात आम्ही कोकणातले, म्हणजे प्रत्येक भाजीत ओलं खोबरं. पहिल्याच वर्षी घेवड्याच्या भाजीने मला सौदीच्या हद्दीकडे जाणाऱ्या घुवैफातच्या रस्त्यावर सात ठिकाणी गाडी थांबवायला लावली. आडोसा म्हणून सबंध टापूत एक झाड नव्हतं. त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला.

माझी रीत अगदी साधी होती. चुलीवरून थेट ताटात आलेलं खावं, नाहीतर बर्फात बुडवून ठेवलेलं खावं. कोमट असेल त्याला हात लावू नये. तव्यावरचा परोटा, उकळता चहा, साल काढून खायचं केळं, खजूर, सीलबंद लबान म्हणजे ताक, एवढ्यावर मी आठवडे काढलेत. पण माझी खरी युक्ती माझ्या धंद्यातली होती. हायवेवरच्या कॅफेटेरियात शिरलो की मी आधी मेनू बघत नसे, मागच्या बाजूला जाऊन त्यांच्या जनरेटरवर तळहात ठेवत असे. अंग चांगलं तापलेलं असेल तर यंत्र रात्रभर चालू होतं, म्हणजे फ्रिजही जागा होता. गार असून नुकतंच धुगधुगायला लागलं असेल, तर मालकाने डिझेल वाचवायला रात्री बंद ठेवलं होतं, आणि आतली कोंबडी रात्रभर घाम पुसत बसली होती. मग मी नुसता काळा चहा पिऊन निघायचो.

एकदा पुण्याहून नवीन आलेला एक सेल्स इंजिनिअर माझ्याबरोबर होता. मी मागे जाऊन आलो आणि म्हटलं, "काही खाऊ नकोस, फ्रिज रात्री झोपला होता." तो हसून म्हणाला, "सर, इट्स चिल्ड! हात लावून बघा." मी म्हटलं, "आत्ता चिल्ड आहे रे, पहाटे काय होतं?" त्याने मेयोनीजवालं चिकन सँडविच मागवलं, वर आणखी एक मागवलं. पुढची कहाणी सभ्य अंकात लिहिण्यासारखी नाही. एवढंच सांगतो की तो परत गेल्यावर ऑफिसात मला 'फूड इन्स्पेक्टर' हे नाव पडलं, आणि लांबच्या साइटवर निघालेला प्रत्येक जण आधी माझ्या टेबलापाशी यायचा. कुठे खाऊ, कुठे नको खाऊ. मला ते आवडायचं. इंजिनं काय, कोणीही दुरुस्त करतं.

या फेऱ्यांपैकी लिवाची फेरी माझी सगळ्यात आवडती. लिवा म्हणजे वाळवंटाच्या पोटात लपलेली खजुराच्या बागांची एक लांब रांग. तारीफला समुद्र सोडून डावीकडे वळायचं. मग आधी खारट पांढरी जमीन लागते, मग पिवळी वाळू, मग ती हळूहळू गुलाबी, तांबूस होत जाते आणि टेकड्या उंच होऊ लागतात. एसीचा एकसुरी आवाज, टायरांचा एकसुरी आवाज. तासभर समोरून कोणी येत नाही. दूर उंट दिसतात, पण त्यांचे पाय दिसत नाहीत, नुसती धडं हवेतून चालतात. मी गाडी चालवतो आहे की गाडी जागच्या जागी उभी असून रस्ताच माझ्याखालून कोणी ओढून घेतो आहे, असं वाटायला लागायचं. भीती नसायची त्यात. मी मोठ्याने आरत्या म्हणायचो, नाहीतर सुनंदाशी बोलायचो, ती शेजारी असल्यासारखा.

मध्ये बिदा झायेद नावाचं गाव लागायचं. तिथे हमजाइक्काची कॅफेटेरिया होती. हा मलबारचा, पन्नाशीचा, सदा लुंगीवर. त्याचा जनरेटर मी पहिल्यांदा बघितला तेव्हाच त्याच्यावर जीव जडला होता. पुसलेला, ऑइल बरोबर खुणेवर. "मेकॅनिक साब, इंजन देखने आया कि खाना खाने?" असं तो दरवेळी विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता परोटा तव्यावर टाकायचा.

आणि रस्ता संपायचा तिथे, शेवटच्या शेतावर, दत्ताराम होता.

दत्ताराम राजापूरकडचा. त्या शेतावर पंप आणि जनरेटर सांभाळायचा, एकटाच. मैलभर पलीकडे दोन बंगाली माळी राहायचे, बाकी वाळू. त्याची पत्र्याची खोली होती, बाहेर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या सावलीत त्याने पुदिना लावला होता. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. मधलं ऑइल तो स्वतःच बदलायचा, मी महिन्यातून एकदा जायचो. मी गेलो की तो आधी मला गावाकडचं बोलायला लावायचा, ऑइलबिइल नंतर. "भाऊ, तुम्ही नुसते बोलत रहा," म्हणायचा, "अर्थ नसला तरी चालेल. कानाला बरं वाटतं." घरी बायको आणि दोन मुली. घराचं छप्पर अर्धं झालं होतं. या वेळी सुट्टी पुढे ढकलून तो पैसे पाठवत होता, म्हणजे तिसरं वर्ष लागलं होतं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी नेमकी माझ्या लिवाच्या फेरीच्या दिवशी आली. रजा मिळाली नाही. आदल्या दिवशी मी सहज सुनंदाला म्हटलं, "दत्तारामने तीन वर्षांत मोदक पाहिला नसेल." झालं. पहाटे चारला उठून तिने उकड काढली. सहाला आरती, नैवेद्य, आणि साडेसहाला माझ्या हातात डबा. अकरा मोदक, वर हळदीचं पान.

डबा कसला, चांगला जाड कॅसरोल होता, गरम पोळ्यांचा. मी म्हटलं, "बर्फाच्या पेटीत ठेवतो." ती म्हणाली, "अहो, उकडीचे आहेत! बर्फात दगड होतील. गरम गरम भरलेत, तसेच पोचतील बघा." आमच्याकडे मोदक गरम खायचा, त्यावर तूप सोडायचं, हे इतकं रक्तात की मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इतरांना कोमट अन्नावर व्याख्यानं देणारा मी, तांदळाची उकड आणि ओलं खोबरं कोमट राहावं म्हणून खास केलेल्या डब्यात भरून, सप्टेंबरच्या वाळवंटात निघालो.

साडेअकराला पोचलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण तारीफच्या अलीकडे पेजर वाजला. पंपावरून फोन केला. एका मजूर कँपचा जनरेटर बंद पडला होता, सव्वाशे माणसं रात्रपाळी करून येऊन भट्टीत पडली होती. "यल्ला, पहले इधर जाओ," ऑफिस म्हणालं. गेलो. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, वर पंपही रुसला होता. अडीच तास गेले. गाडी उन्हात बंद उभी होती, सीटवर डबा. यंत्र सुरू झालं तेव्हा खोल्याखोल्यांतून माणसांचा आनंदाचा ओरडा ऐकू आला. मी फुशारून गेलो. डब्याची आठवणही झाली नाही.

दत्तारामच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा दोन वाजत होते. "आज काय दिवस आहे सांग," मी म्हटलं. त्याला ठाऊक नव्हतं. डबा पुढे केला तर त्याने आधी हात लावला नाही. टाकीवर जाऊन हातपाय धुतले, डोक्याचं फडकं काढलं, आणि मग येऊन माझ्यासमोर मांडी घातली. "वहिनीने स्वतः केलेन?" त्याने विचारलं.

मी झाकण उघडलं. झाकणाच्या आतून थेंब गळले. हळदीच्या पानाचा वास आला, आणि त्याच्या खालून दुसरा, बारीकसा, आंबोळीचं पीठ फुगून आल्यावर येतो तसा.

मला कळलं. इथे खोटं लिहून काही उपयोग नाही. दहा पावलांवरून शिळं अन्न ओळखणारं माझं नाक, त्याला तेव्हाच कळलं. दुसऱ्या कोणाचा डबा असता तर मी तो हातातून हिसकावून वाळूत पुरला असता. पण तो माणूस डबा बघत हात जोडून बसला होता, त्याचे डोळे भरले होते. प्रसाद टाकायचा कसा? सुनंदाने पहाटे उठून केलेले. मी मनाला समजावलं, इतकं काही नसेल, गुळाचं सारण आहे, टिकतं.

"तुम्ही पण घ्या ना भाऊ," तो म्हणाला.

"मी सकाळी चार खाल्लेत," मी म्हटलं. "पोटात जागा नाही."

त्याने पहिला मोदक तोंडात घातला आणि क्षणभर थांबला. मला वाटलं, गहिवरला. मग मात्र तो असा भराभर खात सुटला की मला बघवेना. एक संपायच्या आत दुसरा. मी म्हटलं, "अरे सावकाश. उरले तर संध्याकाळी खा." त्याने मान हलवली आणि अकराच्या अकरा संपवले. हळदीचं पान तेवढं राहिलं. मग ढेकर देऊन म्हणाला, "वहिनीला सांगा, जन्माची भूक भागली."

मी जनरेटरकडे गेलो. चारच्या सुमाराला फिल्टर बसवून यंत्र सुरू केलं, कान देऊन ऐकत बसलो. सुरात चाललेल्या इंजिनाजवळ बसलं की माणसाला गुंगी येते. तशी आली होती. डोळे उघडले तेव्हा दत्ताराम टाकीला टेकून बसला होता, पुढ्यात ओकलेलं. मी धावलो. त्याला पुन्हा उलटी झाली, पुन्हा झाली. जुलाब सुरू झाले. पाण्याचा घोट ठरेना. तासाभरात त्याचे गाल बसले, ओठ पांढरे पडले, पोटऱ्यांत गोळे येऊन तो कळवळायला लागला. त्याला उचलून गाडीत घातलं. उचलताना तो किती हलका लागला ते मला अजून हातांत आठवतं.

बिदा झायेदचा दवाखाना साठ-पासष्ट किलोमीटरवर. सूर्य उतरायला लागला होता, टेकड्या लालभडक झाल्या होत्या, त्यांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या. दत्ताराम खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होता. "भाऊ, पाणी भरलंय बघा," तो म्हणाला. "कुठे?" "शेतात. बांध फुटलाय वाटतं. लावणी वाहून जाईल." मी बघितलं. दोन टेकड्यांमध्ये खरोखरच पाणी चमकत होतं, त्याच्यात आभाळ उतरलं होतं. "जाणार नाही," मी म्हटलं, "मी बांध घालतो, तू बोलत रहा." आणि मग सबंध वाटभर आम्ही दोघं त्या वाळवंटात बांध घालत राहिलो. तो गप्प झाला की मी ओरडून विचारायचो, "आता कुठला फुटला?" मी गणपतीला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. एकच मागत होतो, याच्या मुलींना माझ्या हाताने तार करायची वेळ आणू नकोस.

दवाखान्यात सुदानी डॉक्टर होता. सलाईन लावली, नाडी बघितली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "शू अकल? क्या खाया इसने?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी खाटेवरून क्षीण आवाज आला, "पानी. टंकी का पानी. खराब है."

डॉक्टर पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. का डोलावली याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. फूड इन्स्पेक्टरच्या हातून हे झालं, ही लाज होती. सुनंदाला काय सांगू, हे होतं. आणि त्याच्याच तोंडून सुटका आयती चालून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाला, "खलास, खतरा गया." मी बाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकून रडलो. मग हमजाइक्काकडे गेलो. त्याने एका पातेल्यात तांदळाची कंजी करून दिली, मीठ घातलेली, वाफाळती. दत्तारामने पहिला घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "भाऊ, ही तर पेज!" त्याने भांडं चाटूनपुसून संपवलं.

पुढे सगळं गमतीदार झालं. शेताच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, जुनी टाकी काढून झाकणाची नवी कोरी टाकी बसवली. ऑफिसने मला सर्व साइटसाठी सूचना लिहायला सांगितली, 'पाणी उकळून प्यावे.' ती मी लिहिली आणि खाली सही केली. घरी सुनंदाने विचारलं, "आवडले का हो त्याला?" मी म्हटलं, "अकराच्या अकरा संपवले." ती दिवसभर खुशीत होती. खरं काय ते तिला आता इथेच वाचायला मिळेल.

त्यानंतर दर चतुर्थीला मी दत्तारामसाठी कोरड्या बेसनाचे लाडू नेले. मोदक परत नेले नाहीत, त्यानेही कधी मागितले नाहीत.

मी दोन हजार सालानंतर काही वर्षांनी परत आलो, तो माझ्या आधीच गावी परतला होता. भेट राहून जात होती. गेल्या वर्षी चतुर्थीला आम्ही दोघं राजापूरला त्याच्या घरी गेलो. छप्पर पुरं झालेलं, मुली सासरहून आलेल्या. सुनंदा स्वयंपाकघरात त्याच्या बायकोबरोबर मोदकांच्या कळ्या पाडत होती. दत्ताराम आणि मी ओटीवर. इतक्या वर्षांत जे गिळून बसलो होतो ते मी काढलं. "दत्ताराम, ते टाकीचं पाणी नव्हतं रे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पहिल्या घासालाच कळलं. आंबले होते."

"मग खाल्लेस कशाला? आणि सगळे?"

त्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला पत्ता नव्हता भाऊ. एखादा जरी उरला असता तरी तुम्ही परतीच्या वाटेवर खाल्ला असतात. एकटे, गाडी चालवताना. मला उचलायला तुम्ही होतात. तुम्हाला त्या रस्त्यावर कोणी उचललं असतं? म्हणून म्हटलं, भराभर संपवून टाकू." मग हसला. "वहिनीला सांगू नका हां. टाकी मस्त मिळाली पण."

आतून ताटं आली. त्याने माझ्या मोदकाचं नाक मोडून वर तूप सोडलं. मी वास न घेता तो तोंडात टाकला. जीभ भाजली.

मला त्याला एक वाक्य सांगायचं होतं, ते त्या ओटीवर सांगता आलं नाही, परतीच्या प्रवासातही नुसतं जुळवत राहिलो. या अंकाची एक प्रत परस्पर राजापूरला पाठवा, असं संपादकांना सांगून ठेवलं आहे. दत्ताराम, झाकण उघडलं तेव्हाच मला वास आला होता.